आपल्या गल्लीतली हवा: मोजायची कशी, सुधारायची कशी? नाशिककरांसाठी पहिल्या वर्षाची वाट

एके काळी मुंबईची माणसं हवापालटासाठी देवळालीला यायची. तिथली जुनी सॅनिटोरियम त्याची साक्ष देत अजून उभी आहेत. म्हणूनच की काय, आपल्या हवेबद्दल शंका घेणं नाशिककराला अजून जड जातं. पण केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला आणि सलग काही वर्षं धुलिकणांची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांची यादी काढली, त्या यादीत नाशिक आहे.

आम्ही सिडकोतल्या एका कॉलनीतली चार-पाच घरं मिळून हे काम करतो. आमच्यात कोणी शास्त्रज्ञ नाही. एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक वायरमन आहे, दोन कॉलेजची मुलं आहेत आणि मी. सुरुवातीला आमचे बरेच महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून कामाचा क्रम लिहून देतो आहे.

आधी वही, मग यंत्र

बहुतेक जण आधी यंत्र मागवतात. तसं करू नका. पहिले पंधरा दिवस दोनशे पानी वही आणि नाक एवढंच वापरा. पहाटे सहा-साडेसहा, सकाळी नऊ, संध्याकाळी सात आणि झोपण्याआधी अशा चार वेळा गच्चीत किंवा फाटकापाशी उभं राहायचं आणि एक ओळ लिहायची: वेळ, वास कसला आहे, वारा कुठून आहे, दूरचं काय दिसतं, काय चाललं आहे. 'प्लास्टिकचा वास', 'ओल्या पाल्याचा धूर', 'डांबर', 'पांडवलेण्याचा डोंगर दिसत नाही' असं साध्या शब्दांत लिहा. वाऱ्यासाठी कपडे वाळत घालायच्या दोरीला ओढणीची पातळ पट्टी बांधली की झालं. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, थंडीत बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून. पण इमारतींच्या मधे तो वळतो, त्यामुळे आपल्या गल्लीतला वारा आपणच पाहायचा.

वहीचं महत्त्व आम्हाला एका हिवाळ्यात कळलं. सकाळी घसा खवखवायचा, जळकट वास यायचा आणि सगळी कॉलनी अंबडच्या एमआयडीसीकडे बोट दाखवायची. मीही दाखवलं. पण वहीत तीन आठवडे एकच गोष्ट येत राहिली: वास पहाटे पाच ते सात, वारा जवळजवळ नाही आणि दूरचा डोंगर बऱ्यापैकी स्पष्ट. धूर जवळचाच होता. मागच्या मोकळ्या प्लॉटवर झाडलोटीचा पाला पेटवला जात होता आणि शेजारच्या बांधकामावर रात्रपाळीचे वॉचमन शेकोटीत प्लायवूडचे तुकडे आणि थर्माकोल घालत होते. कारखान्यांविरुद्ध निवेदन लिहून तयार होतं. ते दिलं असतं तर चुकीच्या दारात गेलं असतं, आणि पुढच्या वेळी आमचं कोणी ऐकलं नसतं.

पंधरा दिवसांनी एका मोठ्या कागदावर आपल्या भागाचा हाताने नकाशा काढा, पाचशे मीटरच्या आतला. कचरा जळतो ती जागा, कच्चा रस्ता, बांधकाम, सिमेंटचा मिक्सर, लाकडावर चालणारी बेकरी, तंदूर, जनरेटर, रिक्षा थांबा, शाळेचं फाटक, सगळं त्यात आलं पाहिजे. हा कागद जपून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागतो.

सरकारी आकडा वाचायला शिका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप फोनवर घ्या. नाशिकमध्ये गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी आणि अंबड एमआयडीसी इथे सतत मोजणारी केंद्रं आहेत. त्यातलं तुमच्या जवळचं कोणतं ते बघा. मात्र गंगापूर रोडचा आकडा हा तुमच्या जेलरोडच्या गल्लीचा आकडा नव्हे.

ॲपवर दिसतो तो हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत खूप वाईट आणि त्यापुढे गंभीर. हवेत अनेक घटक मोजले जातात, पण निर्देशांक त्यातल्या सर्वांत वाईट घटकावरून ठरतो. आपल्याकडे तो घटक बहुधा धूळच असतो: पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा हा बारीक कण नाकात अडत नाही, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. रस्त्याची आणि बांधकामाची धूळ मुख्यतः पीएम १० मध्ये दिसते, धूर पीएम २.५ मध्ये. हा फरक पक्का लक्षात ठेवा. कुठला आकडा चढला यावरून कुठे शोधायचं ते कळतं.

भारतीय मानकाप्रमाणे चोवीस तासांची सरासरी पीएम २.५ साठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि पीएम १० साठी १०० च्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच पातळी अनुक्रमे १५ आणि ४५ वर आणली. म्हणून 'समाधानकारक' वाचलं की दम्याच्या माणसाने निर्धास्त व्हावं असं मला वाटत नाही.

इथे दोन ठिकाणी नवा माणूस हमखास गोंधळतो. पहिलं म्हणजे परदेशी ॲप आणि समीर यांचे आकडे जुळत नाहीत. पीएम २.५ जर ४५ असेल तर भारतीय निर्देशांक ७५ च्या आसपास येतो आणि अमेरिकी निर्देशांक १२० च्या वर. हवा तीच, मोजपट्टी वेगळी. त्यामुळे निर्देशांकावरून वाद घालू नका, मायक्रोग्रॅम लिहा.

दुसरं म्हणजे सरासरी. समजा तुमच्या गल्लीत दिवसभर पीएम २.५ चाळीस आहे आणि संध्याकाळी एक तास कचरा जळाल्याने तो ३०० वर गेला. चोवीस तासांची सरासरी निघते साधारण ५१. मानकाच्या आत! पण त्या एका तासात तुमच्या खिडकीशी बसलेल्या आजोबांनी काय ओढलं ते त्या सरासरीत कुठेच दिसत नाही. आपण स्वतः मोजायचं ते या एका तासासाठी.

यंत्र: कोणतं, कुठे, आणि त्यावर किती विश्वास

काही हजार रुपयांत लहान सेन्सर मिळतात. आत एक छोटा पंखा हवा ओढतो, लेझरच्या किरणात कण चमकतात आणि त्या चमकेवरून यंत्र कणांचा अंदाज करतं. पीएमएस ५००३ किंवा एसडीएस ०११ हे भाग घेऊन आणि वायफायचं एक छोटं बोर्ड जोडून इंजिनिअरिंगची मुलं आठवड्याभरात यंत्र उभं करतात. आमचं तसंच झालं. 'सेन्सर कम्युनिटी' नावाच्या जर्मनीत सुरू झालेल्या खुल्या उपक्रमात जोडणीची पूर्ण कृती मिळते आणि आपला आकडा जगाच्या नकाशावरही टाकता येतो. जोडाजोडी नको असेल तर तयार यंत्र घ्या, पण एक अट पाळा: दर काही मिनिटांची नोंद साठवणारं आणि ती उतरवून घेता येणारं हवं. नुसता पडद्यावर आकडा दाखवणारं यंत्र आपल्या उपयोगाचं नाही.

आमचं पहिलं यंत्र चुकीच्या जागी लागलं. वायफाय चांगलं येतं म्हणून ते स्वयंपाकघराच्या डक्टजवळ टांगलं आणि रोज रात्री साडेआठला आकडा उसळला. ती फोडणी होती. तेव्हा जागा निवडताना एवढं पाहा: जमिनीपासून दोन-तीन मीटर उंच, पावसापासून आडोसा पण चहूबाजूंनी मोकळी हवा, आणि स्वयंपाकघर, बाथरूमची खिडकी, एसीचा पंखा, देवघराची उदबत्ती, तुळशीपाशी लागणारा धूप या सगळ्यांपासून दूर. जिन्याचा आडोसा किंवा गॅलरीची बाहेरची कड चांगली.

मग विश्वासाचा प्रश्न. दोन यंत्रं आणा, एक नको. दोन्ही आठवडाभर शेजारी-शेजारी ठेवा. आकडे एकत्र चढले-उतरले पाहिजेत. एकाचा आकडा नेहमी थोडा जास्त असला तरी चालेल, तो फरक लिहून ठेवा. सरकारी केंद्राजवळ कोणा ओळखीच्याचं घर असेल तर तिथे आठवडाभर ठेवून केंद्राच्या तासाच्या आकड्यांशी ताडून बघा. हे केलं नाही तर पुढे कोणी अधिकारी 'तुमचं खेळणं आहे' म्हणाला की आपल्याकडे उत्तर नसतं.

या यंत्रांच्या दोन मर्यादा उघडपणे मान्य करा. हवा दमट असली की पाण्याचा थेंबही त्यांना धूळच वाटतो, म्हणून धुक्याच्या पहाटे किंवा पावसात आकडा फुगतो. आर्द्रता मोजणारा छोटा भाग सोबत लावा आणि ती ८० टक्क्यांच्या वर असताना आलेले आकडे वेगळ्या रंगाने लिहा. दुसरी मर्यादा जाड धुळीची. पीएम १० हे सेन्सर नीट पकडत नाहीत. रस्त्याच्या धुळीची तक्रार या आकड्यांवर उभी करू नका. तिथे फोटोच चांगले.

हिवाळा: मुख्य लढाई

निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की हवेची वहीही उघडायची. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर तुलनेने उबदार थर झाकणासारखा येतो आणि धूर वर जायची वाट बंद होते. वाराही पडलेला असतो. जूनमध्ये जी शेकोटी कोणाच्या ध्यानातही येणार नाही, ती जानेवारीत पूर्ण गल्ली भरते. म्हणून तासातासाच्या आकड्यांत सकाळी आणि रात्री असे दोन उंचवटे दिसतात आणि दुपारी ऊन तापलं की आकडा खाली येतो. सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही डिसेंबर-जानेवारीत सहाऐवजी नऊला निघायला सांगतो. काहींनी ऐकलं, काहींची सवय सुटत नाही.

आता वही आणि आकडे शेजारी ठेवा. आकडा चढला त्या वेळी वहीत काय आहे? सात-आठ वेळा तीच जोडी जुळली की तुम्हाला तुमचा पहिला स्रोत सापडला. एकच निवडा. हवा सुधारायला निघालेले गट पहिल्याच महिन्यात वाहतूक, कारखाने, एकलहऱ्याचं वीज केंद्र, सगळं अंगावर घेतात आणि दुसऱ्या महिन्यात विरून जातात. चालत जाऊन ज्याच्याशी बोलता येईल असा स्रोत घ्या.

आम्ही पाला आणि शेकोटी घेतली.

पाला पेटवणाऱ्या सफाई कर्मचारी ताईंना आधी आम्ही विचारलं, रागावलो नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: घंटागाडीत एवढा पाला घेत नाहीत, ढीग तसाच ठेवला तर मुकादम बोलतो, मग काय करू? चूक पेटवणाऱ्या हाताची नव्हती, पाल्याला जागा नव्हती. मग मोकळ्या प्लॉटच्या कडेला कोंबडीजाळीचे दोन पिंजरे उभे केले, प्रत्येकी साधारण चार फूट रुंद आणि तेवढेच उंच. पाला भरायचा, दर फूटभर थराला शेणकाला किंवा आंबट ताकाचं पाणी शिंपडायचं, वर मूठभर माती. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका हवा. वास आला तर पाणी जास्त झालं, काहीच होत नसेल तर कमी. ताईंना पिंजरा ढिगापेक्षा सोयीचा वाटला आणि आगी थांबल्या. यात कुठेही दंडाची भाषा लागली नाही. दंड आहे, आणि मोठा आहे: उघड्यावर कचरा जाळण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये साध्या प्रकाराला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये सांगितले आहेत. पण तो प्लॉटधारक आणि व्यावसायिकांसाठी राखून ठेवा. दिवसाला काही शे रुपये कमावणाऱ्या बाईवर तो उगारू नये असं माझं ठाम मत आहे.

वॉचमनची गोष्टही तशीच. रात्रभर उघड्यावर बसणाऱ्या माणसाला 'शेकोटी पेटवू नका' म्हणायला आपण गोधडीतून कसे जाणार? आम्ही बिल्डरकडे तीन गोष्टी मागितल्या: तीन बाजूंनी बंद चौकी, जाड जॅकेट-कानटोपी आणि चौकीत हीटरचा पॉइंट. एकाने महिन्यात दिलं. दुसऱ्याने दिलं नाही, तिथे कॉलनीने वर्गणीतून जॅकेट आणि चहाचा थर्मास दिला. तरीही कडाक्याच्या रात्री शेकोटी पेटते. त्या वेळी सुकं लाकूड जाळा, रंगवलेलं प्लायवूड, टायर, फोम आणि प्लास्टिक नको, एवढं मान्य करून घेतलं आहे.

बांधकामाची धूळ

सिंहस्थाच्या तयारीने शहर खोदलेलं आहे. रस्ते, पूल, घाट, जलवाहिन्या यांची कामं २०२७ च्या पर्वण्यांपर्यंत चालणार. काम थांबवा असं कोणी म्हणत नाही, धूळ अडवा एवढंच म्हणणं आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने बांधकामांवर धूळ रोखण्याचे उपाय बंधनकारक केले: भोवती आडोसा, माती-वाळू-डबर झाकून ठेवणं, पाणी मारणं, उघड्यावर फरशी किंवा दगड कापायला मनाई, धूळ उडेल असा माल नेणारी गाडी झाकलेली. साइटसमोर उभं राहून यातलं काय आहे आणि काय नाही ते पाहा. तारीख-वेळ दिसेल असे तीन दिवसांचे तीन फोटो काढा. आधी साइट इंजिनिअरला भेटा. बऱ्याचदा टँकरची फेरी वाढवून आणि हिरवी जाळी बांधून काम होतं.

झाडांबद्दल एक सांगायचं आहे. पान धूळ धरतं, हे डांबरी रस्त्याकडेच्या कुठल्याही कडुनिंबाकडे पाहिलं की कळतं. तपोवनातली झाडं वाचवायला २०२५ च्या अखेरीस नाशिककर उभे राहिले, त्यामागे हेही होतं. रोपं लावा, पण उभं झाड आधी जपा. रोपाला त्या उंचीला यायला वीस वर्षं लागतात.

तक्रार कुठे आणि कशी

चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनाभर फिरतो. कचरा जळणं, रस्त्यावरची धूळ, पडून राहिलेलं डबर हे महापालिकेचं काम. आपल्या विभागीय कार्यालयात जा (पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर, नाशिक रोड असे सहा विभाग आहेत) आणि स्वच्छता निरीक्षकाला भेटा. कारखान्याचा धूर किंवा वास, खडी क्रशर, काँक्रीटचा प्लांट हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. त्यांचं प्रादेशिक कार्यालय त्र्यंबक रोडवर आयटीआयजवळच्या उद्योग भवनात आहे. धूर ओकणाऱ्या गाड्या आरटीओकडे. कुठेच दाद लागली नाही तर 'आपले सरकार' पोर्टल.

अर्ज एका पानाचा असावा. एक जागा, एक स्रोत, तारखा आणि वेळा, फोटो, आणि शेवटी एकच मागणी. 'परिसरात प्रदूषण वाढले असून योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहिलं की योग्य ती कार्यवाही म्हणजे फाइल बंद. त्याऐवजी 'अमुक प्लॉटवरील डबर सात दिवसांत उचलावे' लिहा. सेन्सरचे आकडे जोडा, पण 'लहान यंत्राचे, दिशादर्शक' असं स्वतःच नमूद करा. आपण प्रामाणिक आहोत हे कळलं की समोरचाही नीट बोलतो. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आमच्या एका अर्जाला उत्तर आलं नाही तेव्हा माहिती अधिकार वापरला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न नेमके लिहा: यांत्रिक झाडूची गाडी आमच्या रस्त्यावर गेल्या तीन महिन्यांत कोणत्या तारखांना आली? कचरा जाळल्याबद्दल या विभागात किती दंड झाले? महापालिका दरवर्षी पर्यावरणाचा सद्यस्थिती अहवाल काढते, तोही मागवून वाचा.

वाईट दिवशी घरात

स्रोत बंद होईपर्यंत श्वास तर घ्यावाच लागतो. आकडा चढला असेल तेव्हा लहान मुलं, गरोदर बाया, दमेकरी यांनी बाहेरचे कष्ट टाळावेत. बाहेर जायचंच तर एन ९५ मास्क लावा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. खिडक्या दुपारी उघडा, पहाटे नको. आणि डासांची कॉइल बंद खोलीत लावू नका. आमच्या शिक्षिकाबाईंनी एका रात्री यंत्र खोलीत ठेवून आकडा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दारं-खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या.

शाळेशी ओळख असेल तर सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या गाड्यांची इंजिनं बंद करायला मुलांनाच सांगायला लावा. आम्ही दोन मोठ्या पाट्या रंगवून दिल्या. आईबाबा पोलिसापेक्षा सातवीतल्या मुलीचं लवकर ऐकतात.

मेच्या शेवटी

पावसाआधी यंत्रं खाली उतरवा. तोंडाशी कोळ्याची जाळी आणि धूळ साचते, ती मऊ ब्रशने काढा, फुंकू नका. सगळी यंत्रं पुन्हा आठवडाभर शेजारी ठेवून बघा. लेझरचं आयुष्य ठरलेलं असतं. एसडीएस ०११ साठी ते साधारण ८,००० तास आहे, म्हणजे अखंड चालवलं तर वर्षही पुरत नाही. म्हणून दर पाच मिनिटांनी थोडा वेळच चालू राहील असं लावून द्या, ते कित्येक वर्षं टिकेल. वर्षभराची वही कोणाकडे राहणार आणि पुढच्या नोव्हेंबरपासून पहाटेची पाळी कोणाची, हे तेव्हाच ठरवून टाका. दिवाळीनंतर ठरवू म्हटलं की राहतं.

आमच्या पिंजऱ्यातला फेब्रुवारी-मार्चचा पाला तोवर बराचसा काळाभोर झालेला असतो. जूनच्या पहिल्या रविवारी तो चाळायचा, घरटी एक घमेलं कुंड्यांसाठी, आणि पहिलं घमेलं सफाई करणाऱ्या ताईंच्या घरच्या तुळशीला.